बिनकामाचा पाला

ज्याचा कशालाही उपयोग नाही असा एखादा पाला तुम्हाला माहीत असेल, तर माझी विनंती आहे, तो मनातच ठेवा. मी असा पाला शोधायला निघाले होते. त्यापायी भाजीवाली माझ्याशी धड बोलत नाही, औषधाच्या दुकानातला माणूस मी दिसले की आत जाऊन कपाट लावायला लागतो, आणि आमच्या इमारतीखाली जिथे हिरवळ होती तिथे आता माती आणि एक पाटी आहे.

सुरुवात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे झाली. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला, उजवा त्याच वाटेवर. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि तो दोन बोटांत धरून माझ्याकडे परत दिला.

"आधी साखर खाली आणा. तीन महिन्यांची सरासरी उतरली की या. तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही."

"सरासरी म्हणजे नक्की काय?" आबांनी विचारलं. "मध्य की मध्यक?"

आबा जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होते. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता, मोतीबिंदूची घाई कशाला, असं कोणालाही वाटेल. आबा वाचत नव्हते, पण ऐकत होते. दाराआडच्या छत्रीला एकदा त्यांनी "या, बसा" म्हटलं, तेही आम्ही हसण्यावारी नेलं. खरी अडचण जिन्याची होती. आमची लेक ठकी (हे तिचं पाळण्यातलं नाव नाही, पण तिला बघितल्यावर दुसरं सुचत नाही) चालायला लागायच्या आधीपासून आबा तिला रोज संध्याकाळी कडेवर घेऊन तीन मजले उतरायचे आणि खालच्या हिरवळीवर फिरवायचे. तो त्यांच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही. त्या तासात मी केस विंचरायचे.

एक दिवस शेवटच्या पायरीचा अंदाज चुकला. फार काही झालं नाही. आबा ठकीला मांडीत घेऊन पायरीवर बसले, म्हणजे बसावंच लागलं, आणि ठकीने टाळ्या वाजवल्या. पण दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आबा, आज मीच नेते तिला. मलाही जरा चालणं हवं."

"हो, हो. तू जा," आबा म्हणाले. मग पुढे होऊन तिची टोपी माझ्या हातात दिली. त्यानंतर रोज संध्याकाळी टोपी घेऊन दारापर्यंत यायचे, आणि टोपी देऊन आत जायचे. याच्यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तर, साखर उतरल्याशिवाय डोळा नाही, आणि डोळ्याशिवाय जिना नाही. मी कामाला लागले.

आमच्या जिन्यात साखरेवर बोलणारे पुष्कळ आहेत, पण अधिकारी व्यक्ती दोनच. तळमजल्यावरच्या हिरव्या काकू आणि दुसऱ्या मजल्यावरचे अँटिऑक्सिडंट काका. दोघांनाही मधुमेह आहे आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही. काकूंच्या गॅलरीत इतक्या कुंड्या आहेत की काकू आत आहेत की बाहेर हे पानं हलल्यावर कळतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कोणीतरी त्यांना एक भाषण ऐकवलं, आणि तेव्हापासून त्यांना सगळीकडे गंज दिसतो.

"शरीर गंजतं, लक्षात घे," काका म्हणाले. "आतून. जसं गेट गंजतं. साखर वाढली की गंज वाढतो. गंज थांबवतं कोण? अँटिऑक्सिडंट. कशात असतं? ज्याला रंग आहे त्या सगळ्यात."

"म्हणजे गेटला रंग लावतात तसं?"

"तू हुशार आहेस," काका म्हणाले.

हिरव्या काकूंनी गंजाकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि एका वेलीचं पान तोडून माझ्या तोंडात घातलं. "चाव. मधुनाशिनी आहे. आता ही साखर खा." साखर वाळूसारखी लागली. खरोखर वाळू. गोडाचा मागमूस नाही. "बघितलंस? जिभेवरची साखर मारते, ती रक्तातली सोडेल होय?"

मी पानांची जुडी घेऊन धावतच वर आले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जिभेचं कळलं. रक्ताचं कशावरून?"

"काकूंच्या चुलत जावेला गुण आला."

"एका माणसावर केला तो प्रयोग नाही, ती बातमी." आबा ताठ बसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. "जिन्यातल्या सगळ्या मधुमेही मंडळींना बोलाव. अर्ध्यांना हा पाला द्यायचा, अर्ध्यांना तसाच दिसणारा पण बिनकामाचा. कोणाला काय मिळतंय ते कोणालाच कळता कामा नये. मलासुद्धा. मीही त्यातच. फक्त तुला माहीत. तू प्रयोगशाळा साहाय्यक."

मी हो म्हटलं. आबा ताठ बसले होते ना.

आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले तेव्हा त्या खूप हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "एका अटीवर. कोणाचीही चालू गोळी बंद होणार नाही. प्रत्येकाने आपली गोळी तुमच्यासमोर घ्यायची, रोज चालायचं, आणि साखर घरी तपासायची. पाला आधी मला दाखवायचा. पाल्याने साखर उतरते की नाही मला ठाऊक नाही. गोळी बंद केली की चढते, हे पक्कं ठाऊक आहे."

कडवट पाला आणि साधा पाला चवीवरून ओळखू येईल म्हणून दोन्ही वाळवून, पूड करून कॅप्सूलमध्ये भरायचं ठरलं. औषधाच्या दुकानात रिकाम्या कॅप्सूल मिळाल्या, पण फक्त आरपार दिसणाऱ्या. म्हणजे खोटी पूडही हिरवीच हवी. कणीक, पिठं सगळी बाद.

"तुमच्याकडे असा पाला आहे का, ज्याचा काही उपयोग नाही?" मी दुकानदाराला विचारलं.

"कशावर उपयोग नाही?"

"कशावरच."

त्याने पाठीमागच्या कपाटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, मी लायसन्स असलेला माणूस आहे."

भाजीवालीला मी हाच प्रश्न जरा गोड शब्दांत विचारला. ती उठून उभी राहिली. "माझ्या पाटीत बिनकामाचं काही नसतं. बिनकामाचं हवं असेल तर त्या समोरच्याकडे जा." समोरच्यानेही ते ऐकलं. मी घरी आले.

मग घरातल्या पाल्यांची चौकशी सुरू झाली. पालक? रक्त वाढतं. कोथिंबीर? लघवी साफ होते, आणि ते सांगताना हिरव्या काकूंनी आवाज अजिबात खाली आणला नाही. पुदिना पोटाला, शेवगा हाडांना, पेरूचा पाला दातांना. मी मुळ्याचा पाला पुढे केला, मोठ्या आशेने, कारण तो आमच्याकडे बहुतेक वेळा टाकूनच देतात. "मूळव्याध!" काकू आणि काका एकाच वेळी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं. दोघंही क्षणभर गोंधळले. मी हट्टाने मक्याच्या कणसावरचं साल दाखवलं, फ्लॉवरचा दांडा दाखवला, शेवटी कुंडीतलं प्लॅस्टिकचं पान दाखवलं. काकांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं. "रंग आहे," ते म्हणाले.

या सृष्टीत निरुपयोगी काही नाही, हे वाक्य लहानपणी मी निबंधात लिहिलं होतं. तेव्हा मला त्याचे गुण मिळाले होते. आता त्याचा त्रास झाला.

त्या संध्याकाळी ठकीला हिरवळीवर सोडलं. तिने वाकून मूठभर गवत उपटलं, तोंडात घातलं, थुंकलं आणि मला म्हणाली, "शी." इतकं स्पष्ट मत त्या आठवड्यात मला कोणीच दिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी गवत पाहिलं, फवारणी होत नाही ना याची खात्री केली, स्वच्छ धुवा म्हणाल्या, आणि चिमूटभर गवताने कोणाचं भलंही होणार नाही आणि बुरंही, असा निर्वाळा दिला. पण हिरवळ सोसायटीची. सेक्रेटरींची परवानगी हवी.

"कशासाठी पाहिजे गवत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आबांच्या प्रयोगासाठी."

"म्हणजे नक्की काय करणार?"

"खाणार."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे. थोडंसंच लागेल."

"थोड्याचा प्रश्न नाही. हिरवळ ही सामाईक मालमत्ता. उद्या एका कुटुंबाने खाल्ली तर बाकीचे विचारणार, आम्ही काय पाप केलं? शिवाय सोसायटीच्या नियमांत गवत कापणं आहे, गवत खाणं नाही. नियमात नसलेल्या गोष्टीला मी परवानगी कशी देऊ?"

"मग मनाईसुद्धा कशी कराल?" मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. ठकी माझ्या केसांना लोंबकळत होती, मला घाई होती. सेक्रेटरींनी नियमांची वही मागून पुढे चाळली. शेवटी, कापलेलं गवत हा कचरा आणि कचरा उचलायला हरकत नाही, असा मार्ग त्यांनी काढला. पुढच्या कापणीच्या वेळी मी टोपली घेऊन माळ्याच्या मागे मागे फिरले. गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. मी मान वर केली नाही. शिकलेल्या बाईने भर दुपारी टोपलीत गवत गोळा करावं आणि कोणी विचारलं तर "सासऱ्यांसाठी" म्हणावं, ही वेळ शत्रूवर येऊ नये.

रविवारी नवऱ्याला कॅप्सूल भरायला बसवलं. तो एकदा शिंकला आणि सकाळभराचं काम भिंतीवर गेलं. "यात खरं कोणतं गेलं?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं. मी म्हटलं, ते गुपित आहे.

कोणाला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या ठकीकडून काढवल्या. निःपक्षपाती माणूस घरात तेवढाच होता. तिने सगळ्या चिठ्ठ्या नीट काढल्या, शेवटची तेवढी खाल्ली. ती आबांची होती. पण बाकीच्या सगळ्या माझ्यासमोर होत्या, त्यामुळे पोटात गेलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते मला कळलं.

आबांच्या वाट्याला गवत आलं होतं.

मी आबांकडे पाहिलं. ते माझ्या दिशेने, थोडेसे माझ्या डाव्या बाजूला, बघून हसत होते. "काय, झालं का वाटप? प्रामाणिकपणे?"

"प्रामाणिकपणे," मी म्हटलं. त्या क्षणी मला चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या होत्या. खरं पान कामाचं आहे की नाही कोणाला माहीत होतं? पण निदान ते गवत नव्हतं.

प्रयोग सुरू झाला. रोज सकाळी आमच्या दारासमोर जिन्यात मंडळी जमत. आपापली गोळी, माझ्याकडची कॅप्सूल, पाण्याचा घोट. आबा खुर्चीत बसून "पुढे" म्हणत. आणि मला ताबडतोब कळलं की गुपित सांभाळणं हे गवत गोळा करण्यापेक्षा अवघड आहे.

"मला खरं आहे ना गं?" हिरव्या काकू जिन्यात गाठून विचारत. "माझीच वेल, आणि मलाच गवत?"

"काकू, मला सांगता येत नाही."

"नको सांगूस. नुसती पापणी हलव."

मी डोळे ताणून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. "रडतेय!" काकू म्हणाल्या. "म्हणजे गवतच." मग त्या चिडून, गवत तर गवत, साखर उतरवून दाखवते असं म्हणत, संध्याकाळी इमारतीभोवती फेऱ्या मारायला लागल्या. पदर खोचून, ओठ मिटून. त्यांच्यासमोर कोणी उभं राहत नव्हतं.

काकांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी कॅप्सूल उघडून पूड चाटली आणि वर चमचाभर साखर खाल्ली. वाळू! खरं पान आपल्याकडेच आहे हे कळल्यावर काका इतके निर्धास्त झाले, की त्याच संध्याकाळी मला बेकरीत भेटले. हातात क्रीम रोलची पिशवी. "आतून बंदोबस्त चालू आहे," त्यांनी खुलासा केला.

आता यात विज्ञान कुठे राहिलं, असं विचारू नका. मी साहाय्यक होते.

पहिल्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून आबांनीही आपली गोळी माझ्यासमोर घ्यायची होती. त्यांच्या खोलीतल्या फळीवर तीन बाटल्या होत्या. साखरेची, रक्तदाबाची आणि कॅल्शियमची. तिन्हींतल्या गोळ्या पांढऱ्या, गोल. मी ठकीला कडेवर घेऊन उभी होते, म्हटलं, "आबा, साखरेची कोणती ती घ्या जरा."

आबांनी फळीवर हात फिरवला. एक बाटली उचलली, कानाशी हलवली, खिडकीकडे धरली. "ही," ते ठामपणे म्हणाले.

ती कॅल्शियमची होती.

मी साखरेची बाटली काढून पाहिली. त्यावरची तारीख जुनी, गोळ्या जवळजवळ भरलेल्या. कॅल्शियम मात्र दर थोड्या दिवसांनी संपायचं. नवरा म्हणायचाही, आबांची हाडं चांगली मजबूत होणार.

सासूबाई होत्या तोवर त्या गोळी आबांच्या तळहातावर ठेवायच्या आणि आबा ती न बघता तोंडात टाकायचे. त्या गेल्यावर ते काम आबांनी कोणाकडे दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही. पुढे दिसेनासं झालं, तेही सांगितलं नाही. म्हणजे डोळा नाही म्हणून गोळी चुकत होती, गोळी चुकते म्हणून साखर चढत होती, आणि साखर चढते म्हणून डोळा होत नव्हता. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून मी त्यांना गवत देत होते.

स्वयंपाकघरात जाऊन मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बरं झालं कळलं, पण आता एकदम पूर्ण गोळी नको, अर्धीपासून सुरू करा, साखर वरचेवर तपासा, घाम आला किंवा हात थरथरले तर लगेच कळवा. मी विचारलं, आबांना सांगू का? त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी ठरवलं नाही. रोज योग्य गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायला लागले. पहिल्या दिवशी आबांचा हात थोडा थांबला. "हे काय?"

"नियम आहे. साहाय्यकाने द्यायची."

"नियम असेल तर ठीक," आबा म्हणाले, आणि न बघता तोंडात टाकली.

साखर उतरायला लागली. आबा खूश. रोज मला आकडा मोठ्याने वाचायला लावायचे. "खरं पान आपल्याकडे आलंय, सूनबाई. तू बोलू नकोस, मी फक्त अंदाज करतोय." मी बोलत नव्हते. पण जसजसा आकडा उतरत होता तसतसा तो मी हळू आवाजात वाचत होते. ज्या माणसाने चाळीसेक वर्षं पोरांना "जे दिसलं तेच लिहा" सांगितलं, तो चारचौघांत उभा राहून चुकीचं सांगणार होता, आणि ते माझ्यामुळे. आज सांगू, उद्या सांगू, करता करता निकालाचा दिवस उजाडला.

सगळे आमच्या बैठकीत जमले. रक्ताचे रिपोर्ट आले होते. मी एकेकाचा आकडा वाचला. काकांची सरासरी चढली होती. काकूंची चांगलीच उतरली होती. आबांची सगळ्यात जास्त.

"आता फोड गुपित," आबा म्हणाले.

"काकांना खरं पान होतं," मी म्हटलं. "काकूंना गवत." मी कागदाची घडी केली. "आबांनाही गवत."

काकू उभ्या राहिल्या.

"अहो, मी म्हणतच होते! गाईला कधी मधुमेह झालेला ऐकलाय?"

"क्लोरोफिल!" काका ओरडले. खरं पान तीन महिने खाऊनही वंचित राहिल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर. माझ्यावर अन्याय झाला. मला गवत मिळालं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो."

मी क्रीम रोलचा विषय काढायचा प्रयत्न केला. कोणी ऐकलं नाही. काकू चपला घालत होत्या. "गोळ्या तर मी आजपासूनच बंद करते. उगाच पोटात रसायनं कशाला?" काका त्यांच्या मागोमाग. बाकीचे काकांच्या मागोमाग. खोली रिकामी झाली. खालून सेक्रेटरींचा आवाज ऐकू आला: "अहो मुळापासून नको! मुळापासून नको!"

आबा एकटे खुर्चीत बसून राहिले होते.

"गवत निष्क्रिय आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मग माझी उतरली कशी? कुठेतरी चूक आहे. एखादी गोष्ट बदलली असणार, जी आपण धरलीच नाही."

काकू गोळ्या बंद करणार होत्या. आता गप्प राहायला जागाच नव्हती. मी आबांच्या समोर जमिनीवर बसले.

"गोळी बदलली, आबा. आधी तुम्ही कॅल्शियम घेत होता. साखरेची बाटली भरलेलीच होती."

ठकी त्यांच्या गुडघ्याला लोंबकळत होती, सुटत होती, पुन्हा लोंबकळत होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटणं हा प्रयोगाचा भाग नाही!" आबांचा आवाज चढला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच माझ्यावर चढला. "दिसलेलं सांगत नाही तो कसला साहाय्यक? एवढी माणसं खाली गवत उपटतायत! ऊठ. मला खाली ने."

मी एका हाताने ठकीला धरलं, दुसऱ्याने आबांना. तीन मजले उतरेपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात घट्ट होता, आणि शेवटच्या पायरीपाशी ते थांबले आणि त्यांनी पावलाने ती चाचपली.

खाली काकू पिशवी भरत होत्या. काका गुडघ्यांवर होते. सेक्रेटरी दोघांच्या मधे हात पसरून उभे.

"थांबा!" आबा म्हणाले. वर्गात म्हणायचे तसं असावं, कारण सगळे थांबले. "गवताने काही झालेलं नाही. मला दिसत नाही. औषधांच्या बाटल्या मला ओळखू येत नव्हत्या आणि ते मी घरात कोणाला सांगितलं नाही. कितीतरी महिने मी साखरेची समजून कॅल्शियमची गोळी खात होतो. सुनेने बरोबर गोळी द्यायला सुरुवात केली, साखर उतरली. एवढंच. तुमची, काकू, चालण्याने उतरली असेल, वेळेवर गोळी घेण्याने उतरली असेल. कशाने ते मला सांगता येणार नाही. गोळी बंद केलीत तर कळेल, पण तो प्रयोग मी करू देणार नाही."

काकूंनी पिशवीकडे पाहिलं.

"कॅल्शियमसुद्धा तसं बघितलं तर अँटिऑक्सि—" काका म्हणाले.

"नाही!" आबा म्हणाले. काका गुडघे झटकत उठले आणि हळूच मला म्हणाले, "पान खोटं नव्हतं ना गं? मला साखर खरंच वाळू लागली होती."

"पान खरं होतं, काका. क्रीम रोलही खरे होते."

काकूंनी पिशवीतलं गवत परत हिरवळीवर ओतलं, जणू ते पुन्हा रुजणार होतं. गोळ्या त्यांनी बंद केल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे मात्र त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या आणि मधुनाशिनीचा निकाल लागलाच नाही, तेव्हा पुन्हा प्रयोग घ्या असं सांगून आल्या. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, असं आबाही कबूल करतात. मी त्या विषयावर बोलत नाही.

आबा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी तळहात पुढे केला. मी गोळी ठेवली. "कोणती आहे ही?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "हां. असं रोज सांगायचं," ते म्हणाले, आणि गिळली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला आणि तारीख दिली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आबांनी आधी दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग मला, आणि म्हणाले, "तू फार बारीक झालीस की." मग मी ठकीला त्यांच्यासमोर धरलं, आणि त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "हिच्या भुवईत तीळ आहे," ते म्हणाले. "मला कोणी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी वजन उचलायला परवानगी दिली त्या दिवशी, संध्याकाळी, मी ठकीला घेऊन दाराशी आले तर आबा आधीच चपला घालून उभे. मी तिला त्यांच्या हातात दिलं. माझे हात तिथेच हवेत राहिले.

आबा जिना उतरायला लागले. मी एक पायरी खाली गेले, परत वर आले. ते दिसेनासे झाले, पण आवाज येत होता. आबा वाचत होते. जे दिसेल ते, ठकीला, मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसं. "दूधवाल्याने बेल वाजवू नये. बरं. चपला रांगेत ठेवाव्यात. इथे कोणी ठेवलेल्या नाहीत बघ. ही भिंतीला भेग. हा पाण्याचा पाइप. हा कोळी." दुसरा मजला गेला. पहिला गेला. शेवटच्या पायऱ्यांपाशी आवाज थांबला, आणि मी कठडा धरला.

मग अगदी खालून, उघड्यावरून, मातीपाशी लावलेल्या सेक्रेटरींच्या नव्या पाटीसमोरून आबांचा खणखणीत आवाज आला:

"हिरवळ खाण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून."

ठकी खदखदून हसली. मी आत आले आणि केस विंचरायला घेतले.